डोंगरावरच्या गवताला खत नको

खारघरच्या डोंगरावर वर सपाटी लागते ना, फणसवाडी-चाफेवाडीकडे जाताना, तिथे पावसाळ्यात कधी गेलात तर एक करा, गवताच्या दोन जुड्यांच्या मधे मातीत बोट खुपसून बघा. बऱ्याच ठिकाणी अर्धं बोट जातं आणि नख कातळाला लागतं. बस, एवढीच माती. खाली काळा बसॉल्ट, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, आणि वर चार महिन्यांत अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, जो मातीतलं विरघळण्यासारखं जे काही असेल ते धुऊन खाली खाडीकडे नेतो. आणि तरीही सप्टेंबरमध्ये त्याच जागी गवत कमरेला लागतं, त्यात मधेमधे तेरडा, कवला, आभाळी, सगळं एकही गोणी खत न पडता. खाली सेक्टरमधल्या आमच्या सोसायटीच्या लॉनला माळी सारखं काहीतरी घालत असतो आणि मे महिन्यात ते पिवळं पडतं ते पडतंच.

आता हे लिहायचं कारण म्हणजे जून जवळ आला की व्हॉट्सअॅपवर मेसेज सुरू होतात, 'चला, ओसाड डोंगर हिरवा करूया', झाडं लावायला रविवारी सकाळी सहाला जमा, खड्डे आधीच खणलेले आहेत, लाल माती आणि शेणखताचा ट्रक वर पोचलाय. लोक मनापासून येतात, मुलांना घेऊन येतात, त्यांच्या हेतूबद्दल मला काहीच म्हणायचं नाही. पण तो डोंगर ओसाड नाहीये. मे महिन्यात वाळलेला दिसतो, एवढंच. आणि त्याच्या त्या अर्ध्या बोटाच्या मातीत जे चाललंय ते इतकं भारी आहे की ते कळल्यावर तिथे कुदळ मारायला हात धजणार नाही असं मला वाटतं, म्हणून हा लांबलचक लेख.

आधी टंचाई कसली आहे ते बघू. झाडाला मातीतून सगळ्यात जास्त लागतं नत्र (नायट्रोजन), शिवाय पालाश (पोटॅशियम) आणि स्फुरद (फॉस्फरस). नत्र हवेत ७८ टक्के आहे पण त्या रूपात झाडाला ते घेता येत नाही, आणि मातीत जे नायट्रेट बनतं ते पाण्याबरोबर पटकन वाहून जातं. स्फुरदाचं उलटं, ते जागचं हलतच नाही. आपल्या तांबूस मातीत लोह आणि अॅल्युमिनियम भरपूर, स्फुरद त्यांना असं चिकटून बसतं की मातीच्या रिपोर्टमध्ये एकूण आकडा बरा दिसला तरी मुळाच्या हाती फार थोडं येतं, म्हणजे पिंप धान्याने भरलेलं आहे पण झाकणाला कुलूप. मुळं आपल्या अगदी लगतचं, एक-दोन मिलिमीटरच्या आतलं स्फुरद ओढून घेतात आणि मग तिथे खडखडाट होतो, कारण लांबचं स्फुरद सरकत सरकत यायला फारच वेळ लागतो.

मग पहिला पाऊस येतो. मातीचा वास येतो तो बऱ्याच अंशी जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा, जे स्ट्रेप्टोमायसिस जातीचे जिवाणू बनवतात. २०२० मध्ये असं दाखवलं गेलं की या वासावर स्प्रिंगटेल नावाचे बारकुले मातीतले किडे येतात, ते हे जिवाणू खातात आणि अंगाला बीजाणू चिकटवून दुसरीकडे नेतात. म्हणजे आपण खिडकीत उभं राहून ज्या वासाने खूश होतो तो त्या जिवाणूंचा आपली पिल्लं पसरवायचा मार्ग आहे. पण गवताच्या दृष्टीने मोठी गोष्ट वेगळीच घडते. सहा-सात महिने कोरडी ठणठणीत पडलेली माती एकदम भिजली की मेलेले सूक्ष्मजीव आणि साठलेला पाला यांच्यावर जिवंत राहिलेले जिवाणू तुटून पडतात, काही दिवसांत कार्बन डायऑक्साइडचा आणि नत्राचा एकदम लोंढा सुटतो. बर्च नावाच्या शास्त्रज्ञाने पूर्व आफ्रिकेतल्या मातीत हे पाहून १९५८ ला मांडलं, म्हणून त्याला बर्च इफेक्ट म्हणतात. तिथेही आपल्यासारखाच कोरडा काळ आणि मग पाऊस. आता जी मुळं जमिनीत आधीच जिवंत बसलेली आहेत त्यांना हा लोंढा मिळतो. कुसळीसारखं बारमाही गवत वरून वाळलं तरी त्याचं खोड खाली जागं असतं, ते पहिल्या आठवड्यातच हात मारतं. कोणी नवीन रोप आणून लावलं तर त्याचं मूळ पसरेपर्यंत हा नत्र संपलेला किंवा वाहून गेलेला असतो.

आणि स्फुरदाचं कुलूप उघडतं ते बुरशीने. मायकोरायझा हा शब्द शेतीच्या दुकानात हल्ली पाकिटावर दिसतो, पण डोंगरावर तो कोणी टाकलेला नाही, तो मुळातच आहे. जमिनीवरच्या दर दहातल्या सात-आठ जातीच्या झाडांच्या मुळांत ही बुरशी राहते, आणि स्कॉटलंडमध्ये ४० कोटी वर्षांपूर्वीच्या खडकात सापडलेल्या झाडांच्या पेशींमध्येही ती दिसते, म्हणजे झाडांना धड मुळं यायच्या आधीपासूनची ही सोबत आहे. बुरशीचे धागे काही मायक्रॉन जाडीचे, मूळ शिरू शकत नाही अशा फटींत शिरतात, मुळापासून काही सेंटिमीटर लांब जातात, स्फुरद उचलतात आणि मुळाच्या पेशीत आणून देतात. बदल्यात झाड साखर आणि तेल देतं, आपण बनवलेल्या अन्नाचा चांगला मोठा वाटा, काही प्रयोगांत २० टक्क्यांपर्यंत. गवताळ जमिनीतल्या एका ग्रॅम मातीत असे काही मीटर धागे सापडतात. एक ग्रॅम म्हणजे चिमूटभर माती. त्या अर्ध्या बोटाच्या थरात किती किलोमीटर जाळं असेल याचा विचार केला की मला खरंच तिथे चप्पल घालून उभं राहायला सुद्धा जड जातं.

आता टारफुल्याची गोष्ट सांगते, ही माझी सगळ्यात आवडती. माझं आजोळ मंगळवेढ्याकडचं, ज्वारीचा भाग. तिथे टारफुला माहीत नाही असा शेतकरी नाही. ज्वारीच्या मुळावर बसून वाढणारं बांडगूळच ते, जमिनीवर दिसायच्या आधीच पिकाचा जीव काढतं. मामा सांगायचे, टारफुला माजला की समजायचं रान खंगलंय. खारघरला वर गवतात त्याचाच भाऊबंद दिसतो, पांढऱ्या बारीक फुलांचा, वीतभर उंच, गवताच्या मुळावर जगणारा. पहिल्यांदा दिसला तेव्हा मला वाटलं अरे हा इथे काय करतोय, इथे तर ज्वारी नाही. तर याचं बी धुळीइतकं बारीक असतं, एका झाडाला हजारोंनी येतं आणि मातीत दहा-दहा वर्षं पडून राहू शकतं, ते पावसाने रुजत नाही. ते वाट बघतं एका रसायनाची जे जवळच्या मुळातून पाझरतं. १९६६ मध्ये हे रसायन शोधलं गेलं आणि त्यानंतर जवळजवळ ४० वर्षं कोणालाच कळेना की झाड असलं आत्मघातकी काम करतंच का, शत्रूच्या बियांना उठवणारा पदार्थ मुळातून सोडतंच का. उत्तर २००५ ला जपानी शास्त्रज्ञांनी दिलं, की ती हाक टारफुल्याला नसतेच, ती बुरशीला असते. स्फुरद कमी पडलं की मूळ हे रसायन जास्त सोडतं, ते मिळालं की मायकोरायझाचा धागा फुटतो, फांद्या काढतो आणि मुळाकडे येतो. टारफुला ती हाक चोरून ऐकतो. म्हणजे मामांचं 'रान खंगलंय' शब्दशः बरोबर होतं, कसदार रानात मूळ हाकच कमी मारतं. स्फुरद भरपूर दिलं की टारफुला कमी होतो हे खरं, पण त्याच वेळी बुरशीलाही बोलावणं थांबतं. शेतात तो हिशोब वेगळा, तिथे ज्वारी काढायची आहे. डोंगरावर ती हाक बंद करून आपल्याला काय मिळवायचंय?

जुलैमध्ये गवतात हबेनारियाची पांढरी फुलं येतात, जमिनीवरची ऑर्किड, तिचंही बुरशीवाचून काही चालत नाही. ऑर्किडच्या बीमध्ये साठवलेलं अन्न जवळपास नसतंच, योग्य बुरशी आत शिरली आणि तिने पोसलं तरच ते रुजतं. हे फ्रान्समध्ये नोएल बर्नार यांनी १८९९ ला पाहिलं. म्हणून डोंगरावरून ऑर्किडचा कंद उपटून कुंडीत लावणाऱ्यांना कळकळीने सांगते, तसं करू नका, एखादं वर्ष पान येईल आणि मग संपेल.

नत्राकडे परत येऊ. तिथे कवला कामाला येतो. पिवळ्या फुलांचा, हात लावला की पानं मिटतो, शेंगवर्गातला. त्याच्या मुळांवर गाठी येतात, त्यात रायझोबियम जिवाणू, ते हवेतला नत्र पकडून झाडाला देतात. हे शेतकऱ्यांना परिणामावरून कित्येक पिढ्या माहीत होतं, हरभऱ्यानंतरचं पीक चांगलं येतं वगैरे, पण गाठीतल्या जिवाणूंचं काम हेलरीगेल आणि विल्फार्थ यांनी जर्मनीत १८८६-८८ च्या सुमाराला सिद्ध केलं. एक गंमत अशी की टाकळा पण शेंगवर्गातलाच, पहिल्या पावसात आपण ज्याची भाजी खातो तो, पण त्याच्या मुळांना गाठी येत नाहीत. उपटून बघा, मूळ साफ गुळगुळीत. त्यामुळे 'शेंगवाली झाडं जमीन सुधारतात' असं सरसकट म्हणता येत नाही.

हे सगळं वाचून मला स्वतः बघायचं होतं म्हणून बाल्कनीत कुंड्या मांडल्या. माती आणि बी मुरबाडला काकांच्या बांधावरून आणलं, डोंगरावरून नाही, वनखात्याच्या जमिनीतून काही उचलायचंच नाही हा माझा नियम आहे. काही कुंड्यांत माती जशीच्या तशी. काहींत तीच माती कुकरमध्ये वाफवून, दोन दिवस लागोपाठ, कारण पहिल्या वाफेत न मेलेले बीजाणू दुसऱ्या दिवशी रुजायला लागतात आणि मग मरतात. काहींत वाफवलेली माती अधिक एक चमचा कच्ची माती. आणि काहींत कच्ची माती पण वर चिमूट चिमूट युरिया. सगळ्यांत कुसळी आणि कवला दोन्ही पेरलं. (घरच्यांनी कुकरसाठी वेगळी रिंग घ्यायला लावली, ते योग्यच होतं, तो वास जात नाही.)

गणपतीपर्यंत फरक नजरेला दिसायला लागला. वाफवलेल्या मातीत सुरुवातीला रोपं उलट जोमात होती, याचं कारण असं की उष्णतेने मेलेल्या सूक्ष्मजीवांतलं अन्न मोकळं होतं, त्यामुळे पहिले काही आठवडे अशा कुंड्या बघून निष्कर्ष काढायचा नाही. नंतर तो साठा संपला आणि कवला पिवळट पडून थांबला, कुसळी बारीक राहिली, पानांच्या कडा जांभळट, स्फुरद कमी असल्याची ती खूण. एक चमचा कच्ची माती मिळालेल्या कुंड्या मात्र त्याच सुमाराला हिरव्या होत गेल्या. नंतर कवला उपटून गाठ नखाने फोडली तर आतून गुलाबी, काम करणारी गाठ अशीच दिसते, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचाच चुलत भाऊ आत असतो. आणि युरियाची कुंडी? कुसळी सगळ्यांत उंच, गडद हिरवी, फोटो काढण्यासारखी. तिच्या सावलीत कवला दोन पानांवर अडकलेला आणि मुळाला गाठ जवळपास नाहीच. फुकट नत्र मिळतोय म्हटल्यावर झाड जिवाणूंना पोसत बसत नाही. ज्याने जमीन सुधारायची तोच मागे पडला.

बाल्कनीतल्या कुंड्यांवरून डोंगराचं सांगता येत नाही हे मान्य, म्हणून मोठे प्रयोग बघायचे. इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेडला पार्क ग्रास नावाचं एक कुरण आहे, तिथे १८५६ पासून आजपर्यंत तोच प्रयोग चालू आहे, एका पट्ट्याला काहीच नाही, दुसऱ्याला हे खत, तिसऱ्याला ते. सुरू करणारे लॉज आणि गिल्बर्ट, त्यातल्या लॉज यांनी सुपरफॉस्फेटचं पेटंट १८४२ ला घेतलेलं, म्हणजे खताचा माणूस. त्यांना गवताचं उत्पन्न वाढवायचं होतं आणि ते वाढलंच. पण काही न घातलेल्या पट्ट्यात आज ४० च्या आसपास जाती आहेत आणि अमोनियम सल्फेट सगळ्यात जास्त पडलेल्या, चुना न घातलेल्या पट्ट्यात दोन-तीनच. त्यात जमीन आंबट झाल्याचाही भाग आहे, सगळा दोष नत्राच्या माथी मारता येणार नाही, पण चुना घालून आंबटपणा घालवलेल्या पट्ट्यांतही नत्राने जाती घटतातच. दिलासा एवढाच की १९८९ च्या सुमाराला काही पट्ट्यांचं नत्र थांबवलं आणि तिथे जाती हळूहळू परत वाढल्या.

खताने जाती का मरतात? विषबाधा होते म्हणून नाही. २००९ ला झुरिकच्या संशोधकांनी एक फार सुंदर प्रयोग केला, खत घातलेल्या गवताच्या आत, खाली, बुटक्या झाडांच्या उंचीवर ट्यूबलाइट लावल्या. उजेड मिळाला आणि बुटकी झाडं टिकली. म्हणजे खाली अन्नाची टंचाई असते तेव्हा कोणालाच फार उंच होता येत नाही, सगळ्यांना थोडा थोडा उजेड मिळतो. अन्नाची टंचाई संपली की भांडण उजेडावर येतं, आणि उजेड वरून येतो, त्यात जो उंच तो एकटाच जिंकतो. न्यूट्रियंट नेटवर्क नावाचा जगभरच्या गवताळ जागांवरचा एकत्र प्रयोग आहे, त्यातल्या पाच खंडांतल्या ४२ जागांचं काम २०१५ ला आलं, बहुतेक ठिकाणी एकट्या नत्राने नाही तर नत्र, स्फुरद, पालाश आणि सूक्ष्म अन्नद्रव्यं यांतली दोन-तीन मिळून दिली तेव्हाच गवत खरं वाढलं. आणि नेमकं तेच, सगळं एकत्र घातलं की जाती जास्त गळतात. शेणखत आणि १९:१९:१९ (नत्र-स्फुरद-पालाश सारख्या प्रमाणात असलेलं खत) म्हणजे सगळं एकत्रच की.

बुरशी नेहमी सगळ्यांचं भलं करते असंही नाही, हे सांगायलाच हवं. अमेरिकेत कॅन्ससच्या कोंझा प्रेअरीत हार्टनेट आणि विल्सन यांनी बुरशीनाशक टाकून पाच वर्षं मायकोरायझा दाबून ठेवली, तर तिथली मोठी उन्हाळी गवतं मागे पडली आणि इतर बुटक्या जाती वाढल्या, विविधता वाढली. उलट व्हॅन डर हेडन यांच्या १९९८ च्या प्रयोगात जितक्या जास्त प्रकारची बुरशी तितक्या जास्त जाती आणि तितकं जास्त गवत. दोन्ही खरं आहे. बुरशीवर जास्त अवलंबून कोण, दांडगा की दुबळा, त्यावर ठरतं. आपली कुसळी त्या प्रेअरीतल्या मोठ्या गवतांच्याच कुळातली, कडक उन्हात प्रकाशसंश्लेषण करणारी, तेव्हा मला वाटतं आपल्याकडे बुरशी कुसळीला नक्कीच उभं धरत असणार, आणि कवला-ऑर्किडलाही. म्हणूनच 'मायकोरायझाचं पाकीट आणून डोंगरावर शिंपडूया' या सूचनेला माझा विरोध आहे. तिथे जे आहे ते तिथल्या मातीचं आहे, पाकिटात कुठल्या तरी एक-दोन जाती असतात.

आणि खत फक्त गोणीतूनच येत नाही. खाली हायवे, बाजूला कारखाने, गाड्यांच्या धुरातले नायट्रोजन ऑक्साइड पावसाबरोबर आणि धुळीबरोबर डोंगरावर उतरतातच. ब्रिटनमधल्या ६८ आम्लधर्मी कुरणांवर २००४ ला आलेला अभ्यास सांगतो की हेक्टरी वर्षाला २.५ किलो नत्र हवेतून जास्त पडलं की चार चौरस मीटरमागे एक जात कमी. अडीच किलो म्हणजे एका हेक्टरला युरियाचं साडेपाच किलोचं पोतडं. त्यामुळे वर आपण आणखी भर घालायची गरज नाही.

फणसवाडीकडच्या एक मावशी पावसाळ्यात खाली येऊन भाजी विकतात, शेवळं, कुर्डू, मग करटोली, फोडशी. त्यांना मी विचारलं होतं, मावशी, फोडशी घराजवळ का नाही लावत, शेणखत घातलं की वाढेल की. त्या म्हणाल्या, "खताच्या जागेत नाय येत ताई फोडशी, तिथं निस्तं रान माजतं, ती दगडातलीच बरी." पार्क ग्रासचं दीडशेहून जास्त वर्षांचं काम त्यांनी एका वाक्यात सांगितलं. फोडशी ही सफेद मुसळीच्या जातकुळीतली, आणि सफेद मुसळीचं शास्त्रीय नावच बोरिवलीवरून पडलंय, आपल्या या डोंगररांगांचीच ती.

रानमोडीबद्दल थोडं. घाटात, टेकड्यांच्या उतारावर सगळीकडे माजलेली ही मूळची अमेरिकेतली झुडूपवजा वनस्पती. आपल्याला वाटतं ती भराभर वाढते म्हणून जिंकते. पण मंगला, इंदरजित आणि कॅलवे यांनी पश्चिम घाटातल्या मातीवर केलेलं काम २००८ ला आलं, त्यात दिसलं की रानमोडीच्या खालच्या मातीत फ्युसॅरियम या रोग आणणाऱ्या बुरशीचे बीजाणू जवळच्या स्थानिक झाडांखालच्या मातीपेक्षा २५ पटीहून जास्त होते. त्या मातीत काटेमाठ आणि बांबू नीट रुजेनात, आणि तीच माती निर्जंतुक केली की त्रास गेला. ती बुरशी बाहेरून आलेली नाही, इथलीच आहे, रानमोडी फक्त तिला पोसून मुळाशी गोळा करते आणि स्वतःला तिचं फार काही होत नाही. म्हणजे रानमोडी नुसती वरून कापून चालत नाही, तिने बिघडवलेली माती मागे राहते. जिथे गवत अजून दाट आहे तिथे ती शिरायच्या आधीच रोप उपटणं हे सगळ्यात स्वस्त काम, आणि रविवारी सकाळी जमणाऱ्या पन्नास लोकांना हे काम खड्डे खणण्यापेक्षा सोपं जाईल.

खड्ड्यांचं काय होतं ते मी नीट पाहिलंय, कारण एका जुन्या वृक्षारोपण ड्राइव्हच्या जागेवर मी नंतरही जात राहिले. दीड फूट खड्डा खणायचा म्हणजे मुळात कातळ फोडायचा, निघालेला मुरूम बाजूच्या गवतावर टाकायचा, आणि खड्ड्यात बाहेरची माती. जाळं तुटतं, ढीग करून ठेवलेल्या मातीतली बुरशी महिन्यामहिन्याने मरत जाते. मग तिथे पहिलं कोण येतं, तर आघाडा, कुर्डू, माठाच्या जाती. हे सगळे एकाच कुळातले, आणि या कुळातल्या बहुतेकांना मायकोरायझा लागतच नाही. बुरशी नसलेल्या, खत पडलेल्या जागेत ते राजे. सोबत गाजरगवत, कॉसमॉस. लावलेली रोपं बरीचशी पहिल्याच उन्हाळ्यात जातात, जी जगतात ती गिरिपुष्प, सुबाभूळ अशी, आणि ती स्वतःच नत्र बांधणारी, म्हणजे खत चालूच.

इथले सगळे गवताळ उतार मुळापासून गवताळ होते असं मी म्हणत नाही. बऱ्याच ठिकाणी जंगल तुटून गवत आलंय, तिथे ओढ्याकाठी, खोल मातीत, इथलीच ऐन, किंजळ, पळस, हुंबर अशी झाडं आली तर आनंदच आहे. पण वरची कातळी सपाटी वेगळी, तिथे झाडाला उभं राहायला जागाच नाही.

वणव्याचं लोक विचारतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये डोंगर पेटतात तेव्हा गवतातला नत्र बराचसा धुरातून उडून जातो, स्फुरद-पालाश राखेत राहतं आणि पहिल्या जोरदार सरीत त्यातलंही काही वाहून जातं. गवताची आग झटकन पुढे सरकते, माती वरचा एक-दोन सेंटिमीटर सोडला तर फारशी तापत नाही, त्यामुळे खालचं जाळं बहुधा वाचतं, पण सरडे, अंडी, उतारावरची कोवळी रोपं वाचत नाहीत, आणि दरवर्षी तेच झालं तर नत्र घटत जातो. वणवा लावू नये हे माझं ठाम मत. मात्र पाड्यावरचे लोक दिवाळीनंतर गवत कापून पेंढ्या नेतात, गुरं चरतात, त्याला हरकत घेऊ नका. २०१४ ला न्यूट्रियंट नेटवर्कच्याच ४० जागांवरून दिसलं की चरणाऱ्या जनावरांमुळे जमिनीपर्यंत उजेड पोचला की जाती टिकतात. काही लोक फोटो काढून 'अतिक्रमण' म्हणून टाकतात ते बघून वाईट वाटतं.

तर या जूनमध्ये ज्यांच्या ग्रुपचा ड्राइव्ह ठरतोय त्यांना विनंती आहे, आयोजकांना आधी विचारा की जागा कुठली, वरची सपाटी असेल तर नाही म्हणा, उताराखालची रस्त्याकडेची, डेब्रिज पडलेली जागा सुचवा, तिथे करायला हवं तेवढं काम आहे. रोपं घ्याल ती स्थानिक, खत शक्य तितकं कमी, आणि डोंगरावर कंपोस्ट रिकामं करायला जाऊ नका, सोसायटीचं कंपोस्ट सोसायटीच्या कुंड्यांतच बरं.

आणि कुंड्यांचा प्रयोग कोणाला मुलांबरोबर करायचा असेल तर, कवल्याचं बी कडक असतं, पेरायच्या आधी सँडपेपरवर हलकं घासा नाहीतर महिनाभर वाट बघत बसाल. कुसळीचं बी कुसासकटच मातीवर ठेवलं तरी चालतं, ओलावा लागला की कूस पिळून स्वतःच बी आत ढकलतं. माती वाफवताना कुकर अर्ध्याहून जास्त भरू नका, शिट्टीचं तोंड बुजतं. आणि युरिया चिमटीत मावेल त्याच्याही निम्मा घ्या, पाण्यात विरघळवून, एकदाच.